दरबारी बंदुकीचा परवाना

६ फेब्रुवारी १९५६, सोमवार

आजपासून कारखान्याच्या फाटकावर रुजू झालो. पाळी सकाळी सातची. वही नवी घातली आहे. संस्थानात होतो तेव्हा राजवाड्याच्या देवडीवरची रोजनिशी अकरा वर्षं माझ्याकडे होती. कोण आलं, कोण गेलं, पहारा कधी बदलला, सगळं मीच लिहायचो. ती सवय सुटत नाही. आता देवडी नाही, म्हणून माझंच लिहितो.

कारखाना मुंबई-पुणे रस्त्याला लागून आहे. अर्ध्या शेडवर अजून पत्रे चढायचे आहेत. कुंपणाच्या तारेपलीकडे ज्वारी उभी आहे. मला घेतलं ते बंदुकीमुळे. कारखान्याच्या साहेबांना स्वतःची बंदूक असलेला पहारेकरी हवा होता. शिक्षण चौथी, वय पन्नास, उजव्या कानाला कमी ऐकू येतं, हे सगळं सांगूनही त्यांनी घेतलं.

खोली चिंचवड गावात मंजुळाबाईंच्या गोठ्याला लागून मिळाली. बाई विधवा, साठीच्या. मुलगा शेती बघतो. खोलीत एक कोनाडा, एक खुंटी. मी आधी रायफल ठेवायला कोपरा बघितला, मग वळकटी टाकली.

रायफल मार्टिनी आहे. संस्थान विलीन झालं तेव्हा सरकारांनी, म्हणजे आमच्या महाराजांनी, देवडीच्या तीस शिपायांना आपापली बंदूक इनाम दिली, आधीपासून जवळ असलेली पाच-पाच काडतुसं राहू दिली आणि लाल मोहरेचा परवाना दिला. माझ्याकडे काडतुसं चारच होती, कारण एक मी आधी झाडलेलं होतं. नळी आतून आरशासारखी आहे. उजेडाकडे धरली तर एक ओरखडा दिसत नाही. सगळ्यांच्याच नळ्या अशा होत्या, पण माझ्याइतकी चमक कुणाची नव्हती. सुभेदार इतरांना माझी दाखवायचे.

८ फेब्रुवारी

ऑफिसचे यशवंतराव यांनी परवाना मागितला. पुण्याचे आहेत, माणूस सभ्य. चष्मा वर करून दोनदा वाचला. मग म्हणाले, "हिंदुराव, ज्या संस्थानानं हा दिलाय ते संस्थान आता नाही. मग परवाना तरी कुठे उरला?"

मी म्हणालो, मोहोर खरी आहे. ते म्हणाले, मोहोर खरीच आहे, पण विलीनीकरणानंतर असे परवाने मुदतीत कलेक्टरकडून बदलून घ्यायचे होते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आठ वर्षं साखर कारखान्याच्या गोदामावर होतो. तिथं हा कागद कुणी मागितला नाही.

मग त्यांनी टेप आणून नळी मोजली. कागदावर तेहतीस इंच लिहिली आहे. भरली सत्तावीस. मी खरं ते सांगितलं. सरकारांच्या शस्त्रागारात नळ्या कापून आखूड केल्या होत्या, घोड्यावरून नेता याव्यात म्हणून. आतूनही काही काम केलं होतं, ते साफसफाईचं असावं. यशवंतराव म्हणाले, म्हणजे परवाना एका बंदुकीचा आणि हातात दुसरीच. विनापरवाना हत्यार म्हणजे तीन वर्षांपर्यंतची शिक्षा. मुंबईत गेल्या महिन्यात गोळीबार झाल्यापासून पोलीस कुणाचं ऐकून घेत नाहीत.

साहेबांनी एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर फाटकावर काठी घेऊन उभं राहायचं.

म्हणजे आठ वर्षं मी गुन्हेगार होतो आणि रोज तेल घालून तो गुन्हा पुसत होतो.

१२ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. कपडे धुतले. पवना नदीच्या काठानं चालत गेलो, परत आलो. दिवसभरात मी एकच वाक्य बोललो, तेही दुकानात, रॉकेल आहे का म्हणून. नव्हतं.

१३ फेब्रुवारी

मंजुळाबाईंना काय ते कळलं. यशवंतरावांचा शिपाई त्यांच्या भावकीतला आहे. सकाळी भाकरीवर वांग्याची भाजी घालून घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पवनंच्या डोहात टाकून द्या की. कोन बघायला येतंय? लोखंडच हाय शेवटी."

मी म्हणालो, ते व्हायचं नाही. त्या कोपऱ्याकडे बघत होत्या. भाजीचं निमित्त होतं, बंदूक घरातून गेली का ते बघायला आल्या होत्या असं वाटलं. घरमालकाला भीती वाटणारच. खोली बदलावी लागेल बहुतेक.

१६ फेब्रुवारी

शालनचं पत्र आलं. शालन म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, भैरूची बायको. पत्र गावच्या मास्तरांच्या अक्षरात आहे. पत्ता साखर कारखान्याचा, तिथून फिरून इथं आलं. दरसाल एक पत्र येतं. या खेपेला लिहिलं आहे की सुमनचं लग्न ठरलं, वैशाखात तारीख २० मे. "मुलीला बाप नाही. तुम्ही बापाच्या जागी उभं राहावं. थोरले भावजी, या खेपेला काही कारण सांगू नये."

रीत म्हणून लिहिते. न लिहिलं तर भावकीत चार तोंडं चार बोलतील. मी गेलो तर तिला माझ्याकडे बघावं लागेल, तेही मंगल कार्यात. उत्तर काय द्यायचं ते ठरवलेलं नाही. दरसाल ठरवत नाही आणि साल जातं.

२१ फेब्रुवारी

आज चौकीवर गेलो. पाच दिवस मनात चाललं होतं. आपण होऊन गेलो तर अडकू, न गेलो तर कुणीतरी अडकवेल. शेवटी वाटलं, देवडीवर अकरा वर्षं लोकांना थांबवून कागद बघितले, आता आपलीच पाळी आली तर लपायचं कशाला.

रायफल घोंगडीत गुंडाळून चालत गेलो. दारातल्या हवालदारानं घोंगडी उलगडताना बघितली आणि तो दोन पावलं मागं सरला. फौजदार तरुण आहेत. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. "स्वतःहून हजर" असं कागदावर आधी लिहिलं, मला दाखवलं आणि म्हणाले, या दोन शब्दांवर तुमचं पुढलं सगळं आहे.

त्यांनी समजावलं ते असं. ही अजून फौजी मापाची रायफल असेल तर खाजगी माणसाला ठेवताच येणार नाही, जमा होईल. पण नळीत फेरफार होऊन ती रायफल राहिलेली नसेल, साधी एकनळी बंदूक झाली असेल, तर कलेक्टर नवा परवाना देऊ शकतात. ते ठरवायला जाणकाराचं लेखी मत पाहिजे. दिघीला सोनबा म्हणून म्हातारा आहे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होता. त्याचं मत कलेक्टर कचेरीत चालतं.

रायफल आणि चार काडतुसं चौकीत जमा केली. पावती मिळाली. दिघीला नेताना बरोबर शिपाई येईल.

मी म्हणालो, ती रायफलच आहे साहेब, फेरफार फक्त लांबीचा आहे. ते म्हणाले, मग देव करो आणि तुमचं खोटं ठरो.

२२ फेब्रुवारी

खोलीत कोपरा मोकळा आहे. दोनदा तिकडे बघितलं.

२७ फेब्रुवारी

फाटकावर ज्योतीराम म्हणून दुसरा पहारेकरी आला. जालन्याकडचा, तीस-बत्तीसचा, आडदांड आणि बोलका. दिवसभर विचारत असतो. बायको कुठे, मुलं किती, गाव कोणतं. मी म्हणालो, बायको बाळंतपणात गेली, बावीस वर्षं झाली, गाव लांब आहे. तो म्हणाला, गाव लांब नसतं काका, आपण लांब असतो. असंच काहीतरी बोलतो.

मंजुळाबाईंनी आज ताक पाठवलं. बंदूक गेली तरी पाठवतात, म्हणजे भाडं वाढवायचं असेल.

४ मार्च, रविवार

आज दहा वर्षं झाली. कधी लिहिलं नाही, आज लिहितो. कुणाला सांगायचं नाही म्हणून तरी लिहावं.

मी रजेवर गावी होतो, रायफल बरोबर. परवानगी होती. डोंगरातून बिबट्या उतरला होता आणि दोन वासरं नेली होती. त्या दुपारी तो माळाकडच्या एका पडक्या गोठ्यात शिरलेला लोकांनी बघितला. मला बोलवायला आले. दरबारी बंदूकवाला म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते आवडत होतं. हे खरं आहे, म्हणून लिहितो.

भैरूच्या हातात भाला होता. तो म्हणाला, "दादा, मी पुढं होऊन त्याला भाईर काढतो. तू बांधावर थांब. तुजी बंदूक हाय, मग मला कशाची भीती?"

मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी बांधावर गेलो. भैरूनं गोठ्याच्या पत्र्यावर दगड मारले. बिबट्या बाहेर आला आणि थांबला. धावला नाही, थांबला. चाळीस पावलांवर, आडवा, पूर्ण उघडा. इतकं सोपं निशाण देवानं कुणाला देऊ नये. मी श्वास धरला, नळीच्या टोकावरची माशी त्याच्या खांद्यावर आणली, चाप ओढला. गोळी कुठं गेली कुणाला दिसलं नाही. धूळसुद्धा उडाली नाही. बिबट्या आवाजानं वळला आणि समोर भैरू होता.

दुसरं काडतूस भरलं तोवर दोघं एक झाले होते. मग मारता आलं नाही. लोक कुऱ्हाडी घेऊन धावले, जनावर पळालं.

भैरू तिसऱ्या दिवशी गेला. तीन दिवस शालन त्याच्या उशाशी होती. मी दारापर्यंत जायचो. तेरावं झालं, मी देवडीवर परत आलो, पुन्हा त्या घरात गेलो नाही.

लोकांना वाटतं इनाम म्हणून मी ती बंदूक सांभाळली. तसं नाही. बंदुकीत खोट नव्हती. खोट हातात होती. ज्या वस्तूनं आपलं काम चोख केलं असतं, तिला टाकून द्यायचा मला काय अधिकार?

१० मार्च

दिघीला जाऊन आलो. शिपाई सायकलवर, मी पायी. वाटेत लष्कराच्या हद्दीची तार लागते, त्या बाजूनं जाताना शिपायानं मला दोनदा सांगितलं की बंदूक घोंगडीतच ठेवा.

सोनबा अंगणात खाटेवर बसला होता. सत्तरीचा असेल, बोटं काळी, डोळे चांगले. त्यानं रायफल हातात घेतली, तळातला खटका खाली ओढून उघडली आणि मागून सूर्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ही कोन साफ करतं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, मी. अठ्ठावीस वर्षं.

"लई मन लावून केलीय," तो म्हणाला. "पन ही रायफल न्हाई. रायफल हुती."

मग त्यानं सांगितलं. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो. जिन्यासारख्या गोल जाणाऱ्या खाचा. गोळी त्यात घट्ट बसते, फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. इंग्रज संस्थानिकांना जुन्या बंदुका द्यायचे, तेव्हा पुष्कळ ठिकाणी आतला पीळ तासून काढायला लावायचे. उद्या ह्या बंदुका आपल्यावर रोखल्या तर लांबून नेम लागू नये म्हणून. शोभेला राहतात, सलामीला आवाज होतो. माझ्या नळीत ज्याला मी आरसा म्हणत होतो, ते तासलेलं लोखंड होतं.

मला पटलं नाही. मी म्हणालो, आम्हाला काडतुसं तर खरी दिली होती.

सोनबानं एक काडतूस मागितलं. शिपायानं दिलं. पकडीनं त्यानं शिशाची गोळी उपटून काढली, रायफल उभी धरली आणि मला म्हणाला, तळाशी हात धरा. मी उघड्या खटक्याखाली ओंजळ धरली. त्यानं नळीच्या तोंडातून गोळी सोडली. विहिरीत खडा टाकावा तशी ती कुठंही न अडकता खाली आली आणि माझ्या ओंजळीत पडली.

"नळी मोठी केली आनि काडतुसं जुन्या मापाचीच दिली," सोनबा म्हणाला. "सलामीला गोळी लागती कुठं? कुनी तपासलं न्हाई. ही गोळी नळीत खडखडत जानार, आनि भाईर पडंल तिकडं पडंल."

मी विचारलं, चाळीस पावलांवर?

त्यानं माझ्या ओंजळीतली गोळी उचलून घेतली. मग म्हणाला, "कुनाचाबी हात असूंद्या. लागली तर योगायोग."

मग त्यानं विचारलं, हिनं कधी कशावर गोळी झाडली होती का. मी म्हणालो, एकदा. त्यानं नातीला चहा करायला सांगितलं. मत लिहून दिलं: नळी गुळगुळीत, पीळ काढलेला, सहा इंच कापलेली, मूळ मापाची गोळी बसत नाही, चाळीस पावलांवर नेम धरता येत नाही, रायफल म्हणता येणार नाही, साधी एकनळी बंदूक. खाली सही आणि जुन्या नोकरीचा नंबर. माझ्यासाठी एक नक्कलही केली.

म्हणजे आता परवाना मिळायला अडचण नाही. फौजदारांना आनंद झाला. मलाही व्हायला पाहिजे.

१२ मार्च

पाळी केली. तीन ट्रका आल्या, दोन गेल्या. एका ट्रकचा नंबर चुकीचा लिहिला. असं माझ्या हातून कधी झालेलं नाही.

१५ मार्च

शस्त्रागाराच्या लोहाराला माहीत होतं. सुभेदाराला माहीत असणार. सरकारांना तर माहीत होतंच, हुकूम त्यांच्याच मोहरेनं निघाला असेल. आम्ही तीस जण ताठ उभे राहायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं की आता हे गोळी घालतील. आम्हालाही तेच वाटायचं. एकदा कारभारी मला हसत म्हणाले होते, हिंदुराव, इतकी काय घासता, दाखवायलाच तर आहे. मला वाटलं ते माझं कौतुक करतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. सोनबा म्हणतो कुणाचाही हात असो. पण माझा हात त्या दिवशी थरथरला होता का? दहा वर्षं मी म्हणत आलो की थरथरला होता. आता आठवून बघतो तर मला हाताचं काही आठवतच नाही. मग दहा वर्षं मी काय आठवत होतो?

सोनबाच्या कागदानं मी सुटलो, असं म्हणायला जीभ उचलत नाही. सुटका इतकी सोपी असेल तर ती आधीच का नाही मिळाली?

२ एप्रिल

ज्योतीराम आजारी होता, चार दिवस दोन माणसांचं काम केलं. बरं गेलं. बोलायला कुणी नव्हतं. पाचव्या दिवशी तो आला तेव्हा बरं वाटलं, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं.

मंजुळाबाईंनी विचारलं, पाव्हणं, गावाकडं कोन हाय का न्हाई? मी म्हणालो, कुणी नाही. त्या म्हणाल्या, मग पत्र कोन धाडतं? मी भाडं दोन दिवस आधीच दिलं.

१९ एप्रिल

कलेक्टर कचेरीतून हुकूम आला. हिंदुराव अमुक अमुक यांना गुळगुळीत नळीची एकनळी बंदूक बाळगण्याचा परवाना मंजूर. खटला नाही. फौजदारांनी स्वतः बोलावून सांगितलं. आता सगळं कायदेशीर झालं. पुढच्या सोमवारी चौकीतून बंदूक घेऊन जायची.

यशवंतरावांना सोनबाचं मत दाखवलं आणि म्हणालो, साहेबांनाही दाखवतो, ह्या बंदुकीला नेम नाही हे त्यांना कळलं पाहिजे. त्यांनी कागद घडी घालून माझ्या खिशात परत ठेवला. म्हणाले, "साहेबांना परवाना हवा होता, तो मिळाला. फाटकावर बंदूक दिसली की चोर फिरकत नाहीत. ती चालवून कोण बघणार आहे? उगाच बोलून नोकरी घालवू नका."

ते माझ्या भल्याचंच बोलत होते.

२१ एप्रिल

पलीकडच्या शेडमधून तांब्याची तार चोरीला गेली. तिघेजण होते म्हणे, कोयते होते. आज फाटकावर तीच चर्चा. ज्योतीरामला माझ्या परवान्याचं कळलं होतं. खूश होता. पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता काही फिकीर नाही काका. कुणी आलं तर मी पुढं होतो, तुम्ही मागून हाणा. तुमची बंदूक हाय ना."

पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि टाकीपाशी बसून राहिलो. तो मला शोधत आला, ऊन लागलं का विचारत होता.

२३ एप्रिल, सोमवार

चौकीवर गेलो. फौजदारांनी बंदूक टेबलावर काढून ठेवली होती, सही करायचं रजिस्टरही उघडलं होतं. मी म्हणालो, मला ती न्यायची नाही, सरकारजमा करायची आहे.

त्यांना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. मोठ्यानं म्हणाले, "अहो, परवाना मंजूर झालाय तुमचा."

मी म्हणालो, ते समजलं. पण माझ्या भरवशावर कुणी पुढं होईल, आणि ही वस्तू त्याच्या उपयोगी पडणार नाही. हे मला माहीत असून मी ती खांद्याला लावून उभा राहिलो, तर मग ते माझंच होईल. आधीचं माझं होतं की नाही, ते मला सांगता येत नाही. पुढचं मात्र सांगता येतं.

त्यांनी दुसरा फॉर्म काढला. "मालकी स्वखुशीने सोडत आहे." मी सही केली. बंदुकीला हात लावला नाही. बाहेर आल्यावर लक्षात आलं की घोंगडी तिथंच राहिली. परत गेलो नाही.

मग कारखान्यात गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. यशवंतराव मान खाली घालून उभे होते. साहेब म्हणाले, त्यांना बंदूकवालाच पाहिजे, कुणी माजी सैनिक दुनळी घेऊन यायला तयार आहे. माझं काम महिनाअखेरीस संपेल. रागावले नाहीत. रागावण्याइतकी ओळखही नव्हती.

३० एप्रिल

शेवटची पाळी. ज्योतीरामला आज खरं सांगितलं, भैरूचंही. पहिल्यांदा कुणाला तोंडानं सांगितलं. तो पाळी सुटल्यावर माझ्याबरोबर खोलीपर्यंत चालत आला, त्याचा रस्ता उलट्या बाजूला असून.

२ मे

मंजुळाबाईंना म्हणालो, काम गेलं, खोली सोडतो. त्यांनी विचारलं, लग्नाला जानार का? मी म्हणालो, लग्नाचं तुम्हाला कुणी सांगितलं. तर म्हणाल्या, पत्र तुमी खिडकीत ठिवलं हुतं, पोरानं वाचून दावलं, राग मानू नका. आणि खोली कशापायी सोडताय, निगडीच्या अंगाला नवीन कारखानं येतायत, सामान हितंच राहू द्या.

त्यांनी भाडं वाढवलेलं नाही. त्याचं कारण मला कळत नाही.

शालनला कार्ड टाकलं. दोन ओळी. येतो आहे. सोनबाचा कागद नीट घडी घालून घेतला आहे. तिला वाचून दाखवीन. निदान तिला कळेल की मी नेम चुकलो नव्हतो.

१८ मे, गाव

काल संध्याकाळी पोचलो. एसटी आता वेशीपर्यंत येते. घराला पत्रा बसला आहे. सुमन समोर आली आणि वाकली, मला ओळखू आली नाही. सहा-सात वर्षांची होती. नाक भैरूचं आहे. रात्री बाहेर ओट्यावरच झोपलो.

आज दुपारी शालन परसात धान्य पाखडत होती. केस पांढरे झाले आहेत. मी समोरच्या ओट्यावर बसलो आणि कागद काढला. सगळं सांगितलं. नळी, पीळ, ओंजळीत पडलेली गोळी. मग मत वाचून दाखवलं, सहीसकट. तिनं मध्ये तोडलं नाही, सूप मात्र थांबलं होतं.

वाचून झालं तेव्हा ती म्हणाली, "ह्ये सांगाया आलासा व्हय?"

मी म्हणालो, माझा नेम चुकला नव्हता, एवढं तुला कळावं म्हणून.

"मी कवा म्हनलं चुकला म्हनून?" तिनं सूप खाली ठेवलं. "त्यांनी बी न्हाई म्हनलं. तीन दिस सारकं इचारत हुतं, दादा कुठं हाय, दादा आत का येत न्हाई. तुमी दाराशी उबं. गोळी चुकली ती चुकली, भावजी. तेचं मला काय न्हाई. धा वरसं तुमी हे दार चुकलासा, तेचं काय लिवलंय का त्या कागदात?"

मी कागदाची घडी घातली. तिनं डोळ्याला पदर लावला नाही, मीच खाली बघत होतो. मग तिनं सूप उचललं आणि म्हणाली, उन्हात बसू नका, आत चला.

आत गेलो. तीन दिवस ज्या दाराशी थांबलो होतो, तेच दार.

२० मे, रविवार

सकाळ. मांडवात गडबड आहे, कोपऱ्यात बसून चार ओळी लिहितो. सोनबाचा कागद खिशात आहे. इतके दिवस मला वाटत होतं की हा दाखवला की सगळं मिटेल. इथं तो कुणाला नको आहे. पाहुणे मला तब्येत विचारतात, पाण्याचे हंडे कुठे ठेवायचे ते विचारतात. बंदुकीचं कुणी विचारत नाही. वाटतं, मी विसरलो नाही म्हणून सगळ्यांच्या लक्षात असेल, असं मी धरून बसलो होतो.

दहा वर्षांपूर्वी आत गेलो असतो तर. हे वाक्य पुरं करता येत नाही.

सुमन हळदीच्या अंगानं दोनदा डोकावून गेली. भटजींनी मुलीकडचा वडीलधारा कोण म्हणून विचारलं, तेव्हा शालननं माझ्याकडे बोट केलं. आता सुमनच हाक मारते आहे, आबा, तुमी पाटावर या, सगळं थांबलंय. उठतो.